निरोप्याचे उत्तरदायित्व

मागच्या ऑक्टोबर महिन्यात, जपमाळेच्या दिवसांत, कुळगाव पूर्वेकडील एका इमारतीत आमच्या धर्मग्रामातील आठ-दहा कुटुंबे एकत्र जमली होती. प्रार्थना आटोपली, उकडलेले चणे आणि चहा झाला. मंडळी उठण्याच्या बेतात असताना दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या एका नववीतल्या मुलीने मला विचारले, "फादर, आलेला मेसेज तसाच पुढे पाठवला आणि तो खोटा निघाला, तर ते कन्फेशनमध्ये सांगायचं का?"

सगळे हसले. तिच्या आईने डोळे वटारले. मला मात्र हसू आले नाही, कारण तो प्रश्न बरीच वर्षे माझ्याच मनात ठाण मांडून बसला होता आणि त्याचे उत्तर मी एका लहान मुलीइतक्या सरळपणे कधी शोधले नव्हते.

२६ जुलै २०१९ ची रात्र बदलापूरकर विसरलेले नाहीत. उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली होती. मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. तिच्यातील सुमारे १,०५० प्रवाशांना दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी, नौदलाच्या पथकांनी आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी सुखरूप बाहेर काढले. वाहिन्यांवर दिवसभर तेच चित्र होते. त्या चित्रात न आलेली एक लहानशी घटना मी येथे लिहीत आहे.

मध्यरात्र उलटली होती, वीज गेली होती आणि मी धर्मगुरुनिवासाच्या खिडकीत बसून पावसाचा आवाज ऐकत होतो. माझ्या फोनवर एक निरोप आला. पहाटे तीन वाजता धरणाचे सर्व दरवाजे उघडणार आहेत, पाणी पहिल्या मजल्यापर्यंत येईल, तळमजल्यावरील रहिवाशांनी ताबडतोब घर सोडावे, असा त्याचा आशय होता. खाली कोणाचे नाव नव्हते. कोणते धरण, हे कोणी ठरवले, कोणी कळवले, यातले काहीच नव्हते. मी तो वाचला आणि अर्ध्या मिनिटात धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. एवढ्यावरच थांबलो असतो तर तो निनावी निरोप निनावीच राहिला असता. पण मी त्याखाली एक ओळ जोडली: 'कृपया सर्वांनी काळजी घ्यावी. – फादर.'

नदीच्या अंगाला एका तळमजल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध दांपत्य राहते. काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मुलगा आखातात. काकांनी बॅटरीच्या उजेडात निरोप वाचला आणि मावशींना उठवले. शेजाऱ्यांनी म्हणे त्यांना समजावले की नगरपरिषदेकडून असे काही आलेले नाही. "फादरांनी पाठवलंय," एवढेच काकांनी उत्तर दिले. काळोखात वरच्या मजल्याकडे जाताना मावशी ओल्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. रस्ते पाण्याखाली असल्यामुळे त्यांना दवाखान्यात हलवायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोपर्यंत त्या जिन्याच्या वळणावर एका सतरंजीवर पडून होत्या. त्यांच्या इमारतीच्या आवारात घोटाभर पाणी साचले होते. घरात थेंबही शिरला नव्हता. त्या निरोपात काही तथ्य नव्हते, हे सकाळीच कळले.

माझा हेतू चांगला होता. हे वाक्य मी त्या दिवसांत स्वतःशी इतक्या वेळा म्हटले की शेवटी मला त्याचाच संशय येऊ लागला. गोरेगावच्या सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकविताना पहिल्याच महिन्यात सांगितले गेले होते की कोणत्याही कृतीचे मोल ठरविताना कृती कोणती, ती कोणत्या हेतूने केली आणि कोणत्या परिस्थितीत केली, या तिन्हींचा विचार करावा लागतो. एकटा हेतू सगळे ओझे वाहू शकत नाही. अज्ञानाचेही तेथे दोन प्रकार शिकविले होते. एक अज्ञान असे की जे दूर करणे माणसाच्या हाती नसते. दुसरे असे की जे थोड्या खटपटीने दूर झाले असते, पण ती खटपट माणसाने केली नाही. पहिल्यात दोष नाही, दुसऱ्यात आहे. त्या रात्री नगरपरिषदेच्या कार्यालयात फोन लावून पाहणे मला शक्य होते. तो लागला असता की नाही, हा प्रश्न वेगळा. मी लावून पाहिला नाही.

आणि हेतूबद्दल अधिक खोल जायचे तर, त्यात काळजीबरोबर आणखीही काही होते. आपला मेंढपाळ एवढ्या रात्री जागा आहे, हे कळपाला कळावे, अशी एक सूक्ष्म हौस त्या शेवटच्या ओळीत होती. नाहीतर 'फादर' हा शब्द लिहिण्याचे कारण काय? गटावर माझा क्रमांक सर्वांना ठाऊकच होता.

खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी तोंडपाठ केली. तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे न्यायालयातला खोटे बोलणारा साक्षीदार असतो आणि आपण तर कधी न्यायालयाची पायरीही चढलेलो नसतो. म्हणून ही आज्ञा आपल्याला फारशी लागू नाही, असे वाटते. परंतु १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ उघडला तर तेथे या आज्ञेखाली खोटा आळ घेण्याबरोबरच आणखी दोन गोष्टी आढळतात. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा धरून चालणे, ही एक. आणि दुसऱ्याचा खरा असलेला दोष, ज्याला तो ठाऊक असण्याचे कारण नाही अशा माणसाला सांगणे, ही दुसरी. म्हणजे गोष्ट खरी आहे एवढ्याने ती सांगण्याची मुभा मिळत नाही. हे माझ्या बऱ्याच भाविकांना पटत नाही. "खरं तेच सांगितलं ना फादर?" असे मला विचारले जाते.

बायबलमधली पहिली अफवा तिसऱ्याच अध्यायात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्क-माध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांविषयी लिहिताना त्या सर्पाचीच आठवण करून दिली होती. तो प्रसंग पुन्हा वाचताना माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. सर्प विचारतो तेव्हा बंदी सगळ्या झाडांवर नेऊन ठेवतो. हव्वा त्याची चूक दुरुस्त करते खरी, पण दुरुस्त करता करता स्वतःची एक भर घालते: त्या झाडाला स्पर्शही करावयाचा नाही, असे ती सांगते. देवाच्या मूळ आज्ञेत स्पर्शाचा उल्लेख नाही. म्हणजे निरोप अवघा एक तोंड पुढे गेला आणि वाढला, आणि वाढविणारी व्यक्ती तेव्हा अजून निष्पाप होती. माझी ती जोडलेली ओळ मला येथे आठवते.

माझ्या ओळीने एक हाड मोडले. तशाच निरोपांनी आपल्या महाराष्ट्रात माणसे मारली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या भागात दिवसेंदिवस फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे मंगळवेढ्याकडून आलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ती खूण आजही आपल्या डोळ्यांसमोर असते. ती वाचून थांबलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि मी स्वतः २०१९ मध्ये तिच्यावरून पुढे गेलो. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. तेथे तर अफवेने घेतलेल्या बळींवर दुसऱ्या दिवसापासून दुसरी अफवा बसली. या हत्येला धर्माचा रंग देणारे निरोप इतके पसरले की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट दाखविणारे निरोपही त्या दिवसांत फिरले. ते आपल्याला झोंबले. राईनपाड्याचे निरोप आपल्याला तितके झोंबले होते का, याचा विचार करून पाहावा.

मग ऐकलेले पुढे सांगूच नये काय? तसे म्हटले तर मला माझा झगा उतरवून ठेवावा लागेल. आपली श्रद्धा ही मुळात ऐकलेलीच गोष्ट आहे. जे मला मिळाले तेच मी तुम्हांला सोपविले, असे संत पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. प्रेषितांपासून आपल्या आजीपर्यंत प्रत्येकाने पुढच्याला सांगितले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली मराठी कॅथॉलिकांसाठी मासिक सुरू केले तेव्हा त्याचे नावच 'निरोप्या' ठेवले. देवदूत या शब्दातही दूतच आहे. सुवार्ता म्हणजे तरी वार्ताच.

तेव्हा फरक कोठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की ज्यांनी प्रारंभापासून डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून आलेले सर्व त्याने मुळापासून शोधून काढले आणि मग लिहावयास घेतले. थोमाने हाताने चाचपून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हटले, तेव्हा प्रभूने त्याला हाकलून दिले नाही, जखमा पुढे केल्या. आणि मेंढपाळांनी येऊन एवढी मोठी बातमी सांगितली तेव्हा पवित्र मरियेने काय केले? तिने ती मनात ठेवली आणि तिच्यावर चिंतन केले. त्या रात्री बेथलेहेमात ज्या व्यक्तीला सर्वांत अधिक ठाऊक होते, तीच गप्प होती. श्रद्धेचा निरोप पुढे नेणारा माणूस त्या निरोपाला आपले नाव आणि वेळ आलीच तर आपला देह जोडतो. साक्षीदार आणि हुतात्मा यांना ग्रीक भाषेत एकच शब्द आहे, हे आम्ही सेमिनरीत घोकले होते. मीही त्या रात्री नाव जोडले होतेच; पण ज्याची मी साक्ष देऊ शकत नव्हतो त्याला जोडले होते.

इथपर्यंतचा विचार मला बराच समाधानकारक वाटत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ते समाधान संपले.

बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेला अत्याचार उघडकीस आला. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि जवळजवळ दहा तास गाड्या बंद राहिल्या. आपल्या गावाचे नाव देशभर झाले ते असे. तक्रार नोंदवून घेण्यात झालेल्या दिरंगाईचा संताप त्यामागे होता आणि तो योग्य होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्याच दिवसांत एका रात्री आमच्या गटावर एक निरोप आला. एका मुलीच्या कुटुंबाबद्दलचा. त्यात इमारतीचे नाव होते. ते खरे होते की खोटे, मला ठाऊक नाही आणि ते मी कधी शोधलेही नाही. बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या कायद्याने मनाई आहे. पण कायदा नसता तरी ती चहाडीच ठरली असती, आणि तीही अशा लेकराची जिचा काहीच दोष नव्हता. मी तो निरोप काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुंबईला नोकरीसाठी रोज पहाटेची लोकल पकडणारे, दोन मुलींचे वडील. ते म्हणाले, "फादर, लोकांनी आरडाओरड केली म्हणून तरी कोणी हललं. तुम्ही लोकांची तोंडं बंद करता. चर्चला गप्प बसायची सवयच आहे."

मी त्यांना त्या क्षणी उत्तर देऊ शकलो नाही. त्यांचे शेवटचे वाक्य खरे आहे. जगभरच्या ख्रिस्तसभेत मुलांवर झालेले अत्याचार वर्षानुवर्षे झाकले गेले, आणि झाकणाऱ्यांनीही चांगल्याच हेतूचे नाव घेतले: संस्थेची अप्रतिष्ठा नको, भाविकांची श्रद्धा डळमळायला नको. कोणाचे नाव राखावयाचे आणि कोणापासून, याचा विवेक तेथे सुटला होता. शेवटी मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना स्वतंत्र फर्मान काढून असे प्रकार वरिष्ठांना कळविणे धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर बंधनकारक करावे लागले. चहाडी करू नये ही शिकवण ज्यांनी दिली, त्यांनीच तिच्या आड लपावे, ही आमची लाज आहे.

दोन दिवसांनी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. मी त्यांना म्हणालो की तुमचे बरोबर आहे, आणि तरीही तो निरोप मी पुन्हा काढून टाकीन. त्या मुलींचे आईवडील पोलीस ठाण्यात जाऊन तासन्‌तास बसून राहिले, हे आपण सर्वांनी वाचले. ज्याच्याकडे उपाय करण्याचे अधिकार आहेत त्याच्यापुढे ते स्वतःच्या नावानिशी उभे राहिले आणि हटले नाहीत. जो गप्प बसतो तो हे करीत नाही. आणि जो मध्यरात्री अंथरुणात पडून एका इमारतीचे नाव शंभर जणांना कळवतो, तोही हे करीत नाही. दोघेही त्या बाकावर जाऊन बसण्याचे टाळतात. "तुम्ही त्या मोर्चात होतात," मी त्यांना म्हणालो. "उन्हात रुळांवर उभे होतात. त्याबद्दल मी काही बोलत नाही." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चहा घेऊन जा म्हणाले. त्यांना माझे म्हणणे पूर्ण पटले असे मला वाटत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. मी तिला सांगितले, "हो, सांगायचं. तुला पडताळून पाहता आलं असतं आणि तू पाहिलं नसशील, तर सांगायचं." आणि मला वाटले विषय संपला. पण तिने विचारले, "मग पेनन्स काय?"

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार परतफेडीच्या प्रकरणात केला आहे, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. चोरलेली वस्तू परत द्यावी लागते. तसेच दुसऱ्याचे हिरावून घेतलेले सुनामही. खोटे सांगून घेतले असेल तर आपण खोटे बोललो असे कबूल करून ते परत द्यावे. खरे सांगून, पण अन्यायाने घेतले असेल, तर खोटे न बोलता, आपण अन्याय केला एवढे म्हणून शक्य तितके परत द्यावे. आणि तेही शक्य नसेल तर दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने भरपाई करावी. तेराव्या शतकातल्या त्या डोमिनिकन संन्याशाच्या डोळ्यांपुढे एका गावात, एका मठात फिरणारे शब्द होते. शब्द कोणाच्या कानी गेला हे तेव्हा बहुधा शोधता येत असे.

"ज्यांना ज्यांना पाठवलंस त्यांना सांगायचं, की ते खोटं होतं आणि मी न बघता पाठवलं," मी म्हणालो.

"सगळ्यांना? ग्रुपवर दोनशे अकरा जण आहेत फादर. आणि त्यांनी पुढे पाठवलं असेल त्यांना?"

त्यांना कसे सांगणार, हे मला ठाऊक नव्हते. २७ जुलै २०१९ च्या सकाळी मीही गटावर दुरुस्ती पाठविली होती. ती किती जणांनी पुढे पाठविली? एकानेही नाही.

मावशींचे ऑपरेशन झाले, पण चालणे पूर्वीसारखे झाले नाही. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा त्या तशाही घरातच होत्या. वेदीसमोर एका तिवईवर फोन ठेवून आम्ही मिस्सा दाखवू लागलो. रिकाम्या बाकांकडे पाहत प्रवचन करणे मला फार जड जाई. पोप फ्रान्सिस २७ मार्चच्या त्या संध्याकाळी पावसात, ओस पडलेल्या संत पेत्राच्या चौकात एकटे उभे राहिले तेव्हा मला थोडा धीर आला. मावशी ज्या फोनवर माझा तो निरोप आला होता, त्याच फोनवर रोज मिस्सा पाहत. फोनपुढे मेणबत्ती लावीत आणि उभे राहण्याच्या जागी काठी धरून उभ्याही राहत, असे काकांनी मला नंतर सांगितले. माध्यम चांगले की वाईट, अशी चर्चा आमच्या सभांमधून वारंवार होते. त्या टेबलावरचा फोन पाहिल्यापासून त्या चर्चेत मला गोडी उरलेली नाही.

निर्बंध उठल्यावर मी त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो तेव्हा माझ्या मनात होते ते बोललो. तोपर्यंत मी त्यांच्याकडे अनेकदा गेलो होतो, फळे दिली होती, दवाखान्याच्या खर्चाची चौकशी केली होती. पण 'चूक माझी होती' हे तीन शब्दांतले वाक्य कधी उच्चारले नव्हते. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या हो फादर. तुम्ही नसतं पाठवलं तर दुसऱ्या कोणी पाठवलंच असतं."

त्यांनी ते प्रेमाने म्हटले. पण तोच आधार राईनपाड्याच्या जमावातल्या प्रत्येकाला घेता येईल, हे मला तेथेच जाणवले. दुसऱ्या कोणी पाठवला असता, तर काकांनी तो शेजाऱ्यांचे ऐकून कदाचित बाजूला ठेवला असता.

हल्ली मावशी मला रोज सकाळी साडेसहाला एक निरोप पाठवितात. गुलाबाचे फूल, एखाद्या संताचे चित्र, खाली सुवचन. एके दिवशी शांतीचे साधन होण्याची ती सुप्रसिद्ध प्रार्थना आली, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाने. आपण ती मिस्साच्या वेळी गातो, शाळांतून म्हणतो. त्यांच्या घरी गेलो असताना मी सांगितले की ही प्रार्थना संत फ्रान्सिसच्या लेखनात कोठेच नाही. ती १९१२ साली पॅरिसमधल्या 'ला क्लोशेत' नावाच्या एका लहानशा मासिकात निनावी छापली गेली. पुढे कोणी तरी ती संत फ्रान्सिसच्या चित्राच्या पाठीमागे छापली आणि ती त्यांची झाली.

"मग कोणाची आहे?" मावशींनी विचारले.

"कोणालाच ठाऊक नाही."

"पण चांगली आहे ना?"

"फार चांगली आहे."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तीच प्रार्थना पुन्हा आली. संताचे चित्र त्यांना काढता आले नव्हते. खाली त्यांनी टाइप केले होते: 'ही कोणी लिहिली ते माहीत नाही. मी वाचून पाठवली आहे.' आणि त्याखाली स्वतःचे पूर्ण नाव, आडनावासह.